न ठिबकणारी गाडी

कोंडिरामला जमावानं कॉलर धरून केबिनमधून खाली ओढलं, तेव्हाही तो "थांबा, सांगतो" असंच म्हणत होता. ऐकायला वेळ कुणाला होता? पहिली लाथ पोटात बसली, दुसरी तोंडावर. तो चाकाशी अंग चोरून पडला, तर तिथंही त्याला तुडवलं. दात पडला, गाडीची पुढची काच फुटली. मग जवळूनच एक दगड आला आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. दगड मारणारी चंपामावशी होती, हे त्यानं नीट पाहिलं. त्या डोळ्यानं पाहिलेलं ते शेवटचं.

हा कोंडिराम मूळचा परभणीकडचा. इथं ठेकेदाराकडे कचऱ्याची गाडी चालवायचा. शहरातला कचरा टाकायला जायचा रस्ता तारोडी या कोळ्यांच्या गावातून, आणि रस्त्याच्या कडेला कोळणी जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालतात. गाड्यांच्या मागच्या झाकणाखालून सडकं काळं पाणी गळत जायचं. झाकणाचं रबर बदला म्हणून कोंडिरामनं ठेकेदाराला सांगून पाहिलं. त्यानं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं. बरं, मग माणसानं गप्प बसावं ना! पण त्यातलीच चंपामावशी त्याला येता-जाता माठातलं पाणी द्यायची, आणि तिच्याच जवळ्यावर घाण सांडायची याला लाज वाटायची. म्हणून हा शहाणा निघताना फटीत गोणपाट आणि सायकलची जुनी ट्यूब कोंबायचा. त्याची गाडी ठिबकायची थांबली.

त्या दिवशी गाडीत मंडईचा ओला कचरा होता. चढावर कुत्रं आडवं आलं, कोंडिरामनं ब्रेक दाबला, गाडी हिसका खाऊन जरा मागं ढळली. आत तुंबलेलं सगळं पाणी तो बोळा उडवून बाहेर पडलं. चंपामावशीचा अख्खा जवळा त्या घाणीत बुडाला. त्यानंतरचं वर सांगितलंच.

दवाखान्यात डोळा काढावा लागला. हवालदार जबाब घ्यायला आला. मावशीचं नाव सांगावं की नाही, या विचारात कोंडिराम असतानाच ती स्वतः येऊन उभी राहिली.

"दगड मीच मारलाय. लिवा," ती हवालदाराला म्हणाली. मग कोंडिरामकडे वळली. "पन तू ते गोनपाट का कोंबलंस रं? आमी तक्रार केली का पालिकेचा सायेब तुजीच गाडी दाखवायचा. 'ही बगा, कुटं गलते?' म्हनून आमाला खोटं पाडायचा. तू गलू दिली असतीस, तर आमी कवाच गाड्या आडवल्या असत्या. तुजा डोला गेला नसता."

आणि ती खाटेची कड धरून रडायला लागली. कोंडिरामनं तक्रार केली नाही. कुणावर करणार?

एका डोळ्याचा ड्रायव्हर नको म्हणून ठेकेदारानं त्याला काढलं. त्याच आठवड्यात तारोडीकर रस्त्यावर बसले. गाड्या अडल्या, शहरात शांती नगरात कचऱ्याचे ढीग लागले, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. ही बातमी संध्यानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला जेवताना सांगितली. ठेकेदारानं सगळ्या गाड्यांना नवीन रबर बसवलं म्हणे.

"किती दिवसात?" त्यानं विचारलं.

"कालच्या एका दिवसात."

मार खाताना न आलेला राग त्याला तेव्हा आला, आणि त्यानं समोरचं भरलेलं ताट उचलून भिंतीवर मारलं.