वेशीला टाकी

नागपूरपासून तासाभरावरच्या एका लहान नगरपालिकेत मी नकाशे काढायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या सदरहून रोज बसने जायचो आणि दिवसभर मूर्खांची हुजरेगिरी करून परतायचो. गावाच्या तोंडाशी काळ्या दगडाची जुनी वेस होती. रस्ता रुंद करायला ती पाडायची, असं अध्यक्षांच्या डोक्यात आलं. त्या डोक्यात एरवी काही येत नसे.

नगरपालिकेनं ठराव करून प्रस्ताव पाठवला, तर पुरातत्त्व खात्याचे अधिकारी येऊन पाहणार आणि पटलं तर वेस संरक्षित होणार, असा नियम होता. मी सहा महिने मागे लागलो. कमानीवर वेस बांधणाऱ्या पाथरवटाचं नाव कोरलेलं होतं. राजाचं नाही, पाथरवटाचं. माझा सगळा प्रस्ताव त्या एका ओळीवर उभा होता. शेवटी ठराव झाला. अधिकाऱ्यांच्या निमित्तानं मटणाचं जेवण होईल, एवढंच सभासदांना त्यातलं कळलं.

अधिकारी येणार म्हटल्यावर आमच्या इंजिनियरसाहेबांच्या अंगात आलं. वेस फार मळकट दिसते म्हणे. त्यांनी दारोदार पाट्या-वरवंट्यांना टाकी लावणाऱ्या बाईला बोलावलं. गुळगुळीत झालेला पाटा छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करायचा, हा तिचा धंदा. परांची बांधली आणि वेशीला खालपासून टाकी लागू लागली. पाटा आणि वेस यांतला फरक न कळणारा हा माणूस इंजिनियर म्हणून पगार घेत होता.

बाई कमानीपर्यंत पोचली आणि थांबली. वरून मला म्हणाली, "बाबूजी, इथं अक्षरं हायेत गा. हे बी काढू काय?"

साहेब खाली खुर्चीवर पान चघळत होते. "काहून थांबली वं? सारं साफ कर."

ती माझ्याकडेच पाहत राहिली. मला कायम करण्याचा कागद तेव्हा साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मी म्हणालो, "साहेब म्हनते तसं कर."

अधिकारी आले. माझा नकाशा हातात धरून कमानीखाली उभे राहिले आणि शिलालेख कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी छाती फुगवून स्वच्छ दगड दाखवला. अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला, जेवले आणि गेले. पुढच्या उन्हाळ्यात वेस पाडली.

त्या साहेबाला आणि त्या अध्यक्षांना मी कितीतरी वर्षं घरी बसून शिव्या घातल्या. मग एके दिवशी तीच बाई आमच्या गल्लीत आली. बायकोनं पाटा बाहेर काढून दिला. टाकी लावता लावता बाईनं मला ओळखलं.

"बाबूजी, त्या येशीवर कोनाचं नाव होतं गा?"

मी सांगितलं.

"म्हंजे आमच्यातलाच मानूस," ती म्हणाली. हात थांबवून पाट्याकडे पाहत राहिली. "मले वाचता येत असतं, तं मी नसतं काढलं."

मला वाचता येत होतं.