मालकाची दाढी

चौकातल्या केशकर्तनालयाच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत आणि त्यालाही ते मनापासून आवडे. स्वभाव तिरसट, हात मात्र एकदम हलका. गिऱ्हाइकाच्या गालावर कधी ओरखडा म्हणून उठला नाही. स्वतःची दाढी तो आयुष्यभर स्वतःच करत आला. "माझ्या गळ्याला वस्तरा लावील असा अजून जन्मायचाय," असं मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

गुडघे कुरकुरू लागले तसं त्याने मृत्युपत्राचं मनावर घेतलं. घर थोरल्या मुलाला. तो नोकरीत सुखी होता, त्याची काही तक्रार नव्हती. दुकान धाकट्या लेकीला. कॉलेज संपल्यापासून ती शेजारच्या खुर्चीमागे उभी राहत होती. पोरांचे केस झकास कापायची. पण तिने वस्तरा हातात घेतला की मोठी माणसं पेपरात तोंड खुपसत. "आम्हाला घाई नाही, उस्तादांची खुर्ची रिकामी होऊ दे."

वकीलसाहेब जुनं गिऱ्हाईक. कच्चा मसुदा दाखवताना स्पष्टच म्हणाले, "खोली, खुर्च्या, आरसे, सगळं तिच्या नावावर करतो. गिऱ्हाइकं मात्र मला कागदावर लिहून देता येत नाहीत."

हे उस्तादाच्या जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. नुसती खोली घेऊन पोरगी काय करणार? वर्षभरात दुकानाला कुलूप लागलं असतं.

रविवारी सकाळी बाक गच्च भरला होता. निवृत्त हेडमास्तर नेहमीप्रमाणे लेकीच्या खुर्चीकडे पाठ करून बसले होते. उस्तादाच्या गालावर चक्क पांढरे खुंट वाढले होते. हातातलं गिऱ्हाईक उरकून तो सरळ लेकीच्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने मान मागे टाकली.

"चल, कर."

लेक जागीच थबकली. "बाबा, मी? तुमची?"

"मग काय हेडमास्तरांना सांगू?"

बाकावर हशा पिकला आणि लगेच विरला. तिने फेस लावला. वस्तरा दोनदा पट्ट्यावर घासला आणि गालाला टेकवला. उस्तादाने डोळे मिटून घेतले. हनुवटीखाली त्याला जुना व्रण होता, तिथे स्वतःची दाढी करताना दरवेळी रक्त निघायचं आणि कापसाचा बोळा चिकटवावा लागायचा. लेकीचा वस्तरा त्या व्रणाला वळसा घालून इतका अलगद गेला, की त्याला कळलंसुद्धा नाही. अभिमानाने त्याचा ऊर भरून आला, पण गळ्याशी वस्तरा असल्यामुळे बोलायची सोय नव्हती.

उठून त्याने आपली खुर्ची झटकली. "या हेडमास्तर, तुमचा नंबर."

हेडमास्तरांनी चष्मा सावरून ती हनुवटी जवळून न्याहाळली. कापसाचा बोळा आज कुठेच नव्हता.

"राहू दे तुमची," म्हणत ते लेकीच्या खुर्चीत बसले.

उस्ताद त्यांच्या जागी बाकावर टेकला. शेजारी वकीलसाहेब होते. ते हळूच म्हणाले, "कागद आणलाय. सही करताय ना?"

"करतो की. आधी तुमची दाढी होऊ दे," उस्ताद म्हणाला. "तिच्याकडे. हेडमास्तरांच्या मागे नंबर लावा."