पालथं ठेवलेलं पोस्टकार्ड

मंडळी, आज दुपारी जे घडलं ते मला एकटीला सुटत नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना ही मेल.

सांगलीच्या आमच्या ऑफिसात वेबपानावरून पेजरवर निरोप पाठवायची सोय मी करते आहे. पेजर कंपनीनं त्यासाठी जावास्क्रिप्टची तयार फाईल दिली आहे. तिला कुठल्याही पेजरचा नंबर दिला की निरोप जातो, आणि त्या नंबरवर आलेले निरोपही दिसतात. पासवर्ड विचारतच नाही.

आज सहकारी अण्णांच्या संगणकावर ते पान उघडलं. त्यात एक नंबर आधीच भरलेला होता. ऑफिसचा असेल समजून मी निरोप बघायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'ताईचा रिपोर्ट वाईट आला. आईला सांगू नका.'

अण्णा वाकून बघत म्हणाले, "आला व्हय रिपोर्ट? आष्ट्याच्या मास्तरांचा नंबर हाय ह्यो. आमी सोमवारपासनं वाट बघतोय!"

म्हणजे रोज चहाबरोबर दुसऱ्यांचे निरोप वाचणं चालायचं. मला शिसारी आली.

"आवं म्याडम, फाईलीतच सोय हाय. आमी काय कुलूप फोडलं?"

शेजाऱ्यांचं पोस्टकार्ड चुकून आमच्याकडे आलं, तर माझी आई मजकुराची बाजू खाली करून ठेवायची. त्यालाही कुलूप नव्हतंच.

निरोप दाखवणाऱ्या ओळी मी आमच्या पानातून काढल्या आणि कंपनीला कळवलं. पण वाचलेलं कसं काढू? मास्तरांना फोन करून सगळं कबूल करायला हवं. त्यांचा फोन नंबर तीनदा फिरवला आणि तीनदा फोन ठेवला. त्यांनी स्वतः अजून पेजर पाहिलाच नसेल, तर ती बातमी माझ्याच तोंडून कळेल ना?

सांगा, तुम्ही काय कराल?