एका हातानं खेळायची कॅसेट
मलमाचा उग्र वास आला की मला बारामतीतलं व्हिडिओ गेमचं ते दुकान आठवतं. डाळजजवळ मोटारसायकल घसरून आमच्या यांच्या उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. पूर्वी संध्याकाळी चौथीतल्या लेकीबरोबर टीव्हीसमोर बसून गेम खेळणारा माणूस आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी इंदापूरहून बारामतीला त्यांची औषधं आणि हाताला चोळायचं मलम आणायला गेले होते. पाय भरून आले होते, तरी दुकानात शिरले. "मारामारीची चांगली कॅसेट द्या," म्हटलं. दुकानदारानं चार समोर टाकल्या. "यातली एका हातानं खेळता येईल अशी कुठली?" त्यानं चारही कॅसेटी उलटून पाहिल्या. "तसलं कुणी इचारलं न्हाय बगा, ताई. तुमीच लावून बगा." मग मी औषधांची पिशवी खाली ठेवली, खेळायचा रिमोट काउंटरवर टेकवला आणि नुसत्या डाव्या हातानं एकेक कॅसेट खेळून पाहिली. तिसरीतले पैलवान जरा सावकाश हलायचे, बटणंही दोनच लागायची. तीच घेतली. घरी आल्यावर हे आधी नकोच म्हणाले. लेकीनं गुपचूप रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. ती लागोपाठ दोनदा हरली, तसे ते खेकसले, "मुद्दाम हरू नगंस. नीट मार!" कितीतरी दिवसांनी घरात त्यांचा मोठा आवाज निघाला. पुढं कोण जिंकलं ते मला आजही सांगता येत नाही, कारण दाराला टेकल्या टेकल्या मला जी झोप लागली, तशी त्यानंतर आजवर लागलेली नाही.