मशिदीतली पालखी

माझ्या मित्राला पन्नाशीनंतर पुन्हा लग्न करायचं होतं. त्यासाठी त्याने रविवारची सकाळ, पेठेतली एक जुनी दगडी मशीद आणि प्रेक्षक म्हणून मला निवडलं. बाई बिबवेवाडीच्या, विधवा, शाळेतून निवृत्त, बोलायला काटकसरी. होकार की नकार हे त्या त्याच दिवशी सांगणार होत्या. मित्राचं म्हणणं असं, की तो इतिहासावर बोलू लागला की समोरचा माणूस विरघळतो. विरघळलेला मी तरी कोणी पाहिला नव्हता. झोपलेले बरेच पाहिले होते.

मशीद नांदती. सकाळची नमाज उरकली होती, हौदाच्या काठावर दोघे-तिघे गप्पा मारत होते. आम्ही चपला काढल्या, बाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि मित्राने तोंड उघडलं. कमानी झाल्या, नक्षी झाली, दगड कुठल्या खाणीतला तेही झालं. खरं किती, ते त्या दगडालाच ठाऊक.

मग ओवरीत भिंतीला लागून ठेवलेली वस्तू त्याला दिसली. लांबट लाकडी खाट, चार टोकांना दांडे, कडेने बुटका कठडा.

"ही पालखी!" तो गरजला. "सरदाराची! आडवं होऊन प्रवास करायचे."

मी याच भागात वाढलो. ती मयत न्यायची खाट आहे हे मला पोरवयापासून माहीत. आपली तिरडी दर वेळी नवी बांधतात. यांची एकच खाट मशिदीत असते, दफन झालं की परत येते आणि पुढच्याची वाट बघते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण नाटक रंगात आलेलं असताना प्रेक्षकाने मध्ये बोलू नये.

"आडवं म्हणजे नेमकं कसं?" मी विचारलं.

तो चढला. पसरला. एक हात डोक्याखाली, दुसरा मिशीवर. "काढा फोटो!" बाईंना म्हणाला. बाईंनी पर्स उघडलीही नाही.

हौदावरचे दोघे-तिघे उठून उभे राहिले. तेवढ्यात दारातून चौघे आत आले, डोळे सुजलेले, आणि थेट खाटेपाशी उभे राहिले. त्यांतला वयस्कर फार अदबीने म्हणाला, "साहेब, उतरता का? आमचे अब्बा गेले. ही न्यायचीय."

मित्र उठायला गेला आणि कठड्यात अडकला. तेव्हा दोघांनी त्याला खांद्याला आणि पायाला धरून, अगदी जपून, खाली उतरवलं. सरावाचे हात असावेत.

खाट गेली. बाई तिला वाट देऊन हात जोडून उभ्या होत्या. मित्र घाम पुसत म्हणाला, "मग... कॉफी घेऊ या?"

"आधी घरी जाऊन आंघोळ करा," बाई म्हणाल्या. "आणि नंतर फोन करू नका."

त्या गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"अरे, तू बोलत होतास ना!"

रिक्षात तो माझ्याकडे पाठ करून बसला. मीही सरकून घेतलं. आंघोळ त्याची व्हायची होती.