गोधडीतले चोवीस शब्द

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो आणि शनिवार-रविवारी नांदेडला घरी येतो. बायको अर्धापूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत इंग्रजी शिकवते. दोन शिक्षकांच्या घरात समजावून सांगायला दोघंही तयार असतात, ऐकून घ्यायला कुणीच नसतं. त्यातही माझा नंबर वरचा. मला एखादी गोष्ट अर्धी कळली की उरलेली अर्धी मी तिला शिकवून पूर्ण करतो.

तर झालं असं की सासरे गेले आणि देगलूर तालुक्यातल्या त्यांच्या जमिनीच्या वाटणीची वेळ आली. आमच्याकडे अशा वेळी बहिणीनं हसत हसत हक्कसोडपत्रावर सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि डोळे पुसत गाडीत बसायचं अशी रीत आहे. माझ्या बायकोनं सही केली नाही. "साडी माझ्याकडं हाय. माझा हिस्सा द्या," एवढंच म्हणाली. तिच्या धाकट्या भावानं, खरं सांगायला हवं, कोर्टकचेरी केली नाही. रस्त्याकडची पट्टी विकली, तिचे पैसे तिच्या खात्यावर टाकले आणि त्यानंतर फोन करणं बंद केलं. त्या वर्षी भाऊबीजेला आमच्याकडे कुणी आलं नाही, आणि आम्हाला कुणी बोलावलंही नाही.

"हे पैसे घरात मिसळायचे न्हाईत," ती मला म्हणाली. "यातून सोफा येणार न्हाई, गाडी येणार न्हाई. हे गेले तर माझं माहेर फुकट गेलं, ध्यानात ठेवा." निम्मे पैसे तिनं बँकेत ठेव म्हणून ठेवले. उरलेले निम्मे माझ्या हातात दिले, कारण त्या काळात मी सकाळ-संध्याकाळ तिला क्रिप्टोवर व्याख्यान देत होतो. माझं बोलणं इतकं आत्मविश्वासाचं होतं की खुद्द मलाही ते पटलं होतं.

कॉइन घेतले. काही दिवसांनी एका ऑनलाइन बाजारावर दरोडा पडल्याची बातमी आली आणि माझी झोप उडाली. आपले कॉइन दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवायचे नाहीत, एवढं मला समजलं. मग मी हार्डवेअर वॉलेट मागवलं. जुनं, वापरलेलं, स्वस्तातलं घ्यायचं नाही, थेट बनवणाऱ्याकडूनच घ्यायचं, सील तपासायचं, हे सगळं मी पाळलं. खोक्यातून जे निघालं ते पेनड्राइव्हएवढं, दोन बटणांचं आणि नखाएवढ्या पडद्याचं. त्यात कॉइन नसतात, त्यांची किल्ली असते. ते यंत्र हरवलं किंवा बिघडलं तर किल्ली परत तयार करता यावी म्हणून ते सुरुवातीला एकदाच चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. ते शब्द कागदावर लिहायचे. फोटो काढायचा नाही, संगणकात टाकायचे नाहीत, कुणी कितीही गोड बोलून मागितले तरी सांगायचे नाहीत. ज्याच्याकडे शब्द, त्याचे कॉइन.

लातूरच्या माझ्या खोलीत, खिडकी बंद करून, पंखाही बंद करून (तो का बंद केला ते मला आजही सांगता येणार नाही) मी ते शब्द उतरवले. अंब्रेला, कॅबेज, जिराफ. हिऱ्यामोत्यांचे शब्द असतील अशी माझी कल्पना होती. ही तर पहिलीच्या मुलांची अंकलिपी निघाली. दोनदा पडताळले, पिन ठरवला आणि कॉइन त्या किल्लीखाली हलवले.

आता कागद कुठे ठेवायचा? आपल्याकडे महत्त्वाचा कागद म्हटला की माणूस सरळ झेरॉक्सच्या दुकानात जातो. जातीचा दाखला असो की गुणपत्रक, दोन झेरॉक्स आणि एक लॅमिनेशन. मीही सवयीनं दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो होतो. पण आत दहा माणसं आणि काचेवर माझे चोवीस शब्द उताणे पडलेले, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी मागे फिरलो. त्या एका शहाणपणावर मी इतका खूश झालो की पुढची सगळी अक्कल तिथेच खर्ची पडली.

यंत्र लातूरला, कागद नांदेडला. दोन जिल्ह्यांची सुरक्षा असा माझा बेत होता. नांदेडच्या घरात दिवाणाखाली गोधड्यांची चळत असते. त्यातली सर्वांत तळची, जाड, कुणीही न पांघरणारी गोधडी मी निवडली. बायको शाळेत गेल्यावर कोपऱ्याची शिवण उसवली, कागदाची घडी आत सरकवली आणि स्वतःच्या हातानं टाके घातले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा का, असा विचार मनात आला होता. पण प्लॅस्टिक कुरकुरतं, आवाजानं कळेल, म्हणून तो रद्द केला. बायकोला सांगितलं नाही. ज्याचे क्रिप्टोचे व्हिडिओ मी बघत होतो, त्या माणसानं बजावलं होतं की कुणालाही सांगू नका. पैसे तिचेच आहेत, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नाही असं नाही. सुरक्षेपुढे मी तो गौण मानला.

पुढे कित्येक महिने मी रुबाबात होतो. एकदा 'तुमचं वॉलेट अद्ययावत करण्यासाठी चोवीस शब्द भरा' असा मेल आला. तो फसवा होता हे मी क्षणात ओळखलं आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगता येत नव्हतं, म्हणून सहज म्हणालो.

मग एका शुक्रवारी रात्री तोच व्हिडिओवाला मला मोबाइलवर पुन्हा भेटला. म्हणाला, ज्यानं शब्द वापरून यंत्र एकदा परत उभं करून पाहिलं नाही, त्याच्याकडे शब्द आहेत असं समजू नका. आधी तालीम करा. मला हे फारच पटलं. विद्यार्थ्यांना मीही सराव परीक्षा द्यायला सांगतोच. पिन तीनदा चुकला की यंत्र स्वतःला कोरं करून घेतं, म्हणून मी मुद्दाम तीनदा चुकीचा पिन घातला. यंत्र कोरं झालं. मी हात झटकले, समाधानानं यंत्र खिशात टाकलं आणि शनिवारी सकाळी नांदेडची एसटी पकडली. ही तालीम कॉइन ठेवण्याच्या आधी करायची असते, निदान कागद समोर घेऊन करायची असते, हे व्हिडिओत सांगितलं होतं. पण मी व्हिडिओ दीडपट वेगानं पाहतो. वेळ वाचतो.

अहमदपूरला भजी खाल्ली. लोह्याला डुलकी लागली. घराच्या गल्लीत शिरलो तेव्हा ऊन चांगलं तापलेलं होतं. मान वर केली तर आमच्या गच्चीच्या कठड्यावर गोधड्या टाकलेल्या, आणि प्रत्येकीतून पाणी ठिबकत होतं.

घट बसायच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात. घरातलं भांडं न् भांडं, चादर न् चादर, वर्षभर कुणी हात न लावलेली गोधडीसुद्धा धुऊन निघते. हे मी लहानपणापासून पाहतोय. लहानपणी स्वतः गोधड्या तुडवल्या आहेत. तरी कागद लपवताना, कुणी कधीच धुणार नाही अशी जागा म्हणून मी गोधडीच निवडली होती.

जिन्याच्या पायऱ्या कशा चढलो, आठवत नाही. कठड्यावर पालथा पडून मी गोधड्यांचे कोपरे चाचपत होतो. बायको हातात बादली घेऊन उभी राहिली.

"काय हुडकून राहिलात?"

"काही नाही. कोपरा."

"कोपरा?"

"जाड गोधडी कुठाय?"

"ती का? तिचा कोपरा उंदरानं कुरतडल्यावानी झालता. कुणी शिवलं का काय केलं, देव जाणे. मीच नीट टाके घातले अन् मग सोड्याच्या पाण्यात रातभर भिजू घातली."

मी तिथेच गच्चीवर खाली बसलो. मग सगळं सांगितलं. कोरं यंत्र खिशातून काढून दाखवलंही, जणू ते पाहून तिला धीर येणार होता. तिनं बादली खाली ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे आता त्या कागदाबिगर माझा हिस्सा न्हाई," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला एका शब्दात उत्तर दिलं.

तिनं कात्री आणली. टाके तिचेच असल्यामुळे निघता निघेनात. आतून जो निघाला तो कागद नव्हता, भिजलेल्या भाकरीचा चतकोर होता. तिनं तो मला हातात घेऊ दिला नाही. परातीत ठेवला, सावलीत वाळवला आणि सुईच्या टोकानं एकेक घडी सोडवली. पेन साधं बॉलपेन होतं म्हणून शाई पूर्ण गेली नव्हती. मधल्या घडीतले शब्द फिकट पण जागेवर होते. कडेचे मात्र पसरले होते.

एक गोष्ट मला नक्की माहीत होती आणि त्या दिवशी ती एकच कामाला आली. हे शब्द ठरलेल्या यादीतलेच असतात, आणि त्या यादीत पहिली चार अक्षरं जुळली की शब्द ठरतो. म्हणजे शेपूट गेलं तरी चालतं. बायको चष्मा लावून बसली. तिनं उभी हयात पोरांच्या पेपरातली इंग्रजी वाचण्यात घालवली आहे. मी माझं स्वतःचं अक्षर पाहून 'हे काय लिहिलंय?' असं विचारत होतो आणि ती धडाधड वाचत होती. "तुमचा आर अन् एन सारखाच हाय," म्हणाली. "सहावीतलं पोरगं असतं तर मार्क कापले असते."

एक शब्द अडला. सुरुवातीची एस आणि पी दिसत होती, पुढे नुसता डाग. मी यादी काढली. 'स्पोर्ट' असणार, मला खात्री होती. दोन बटणांवर एकेक अक्षर शोधत चोवीसच्या चोवीस शब्द भरले. यंत्रानं शब्द जुळत नाहीत म्हणून सांगितलं. 'स्पॉट' घालून पुन्हा सगळे भरले. पुन्हा तेच. बायकोनं कागद उन्हाकडे धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. "हे डबल ओ हायेत," ती म्हणाली. "तुम्ही डबल ओ चष्म्यावानी जोडून काढता. स्पून हाय. चमचा."

चमचा घातला. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग खातं उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडलो नाही. तिनं परात उचलली आणि म्हणाली, "आता मी सांगते तसं करायचं."

तिनं सांगितलं तसं केलं. भिजलेल्या कागदावरच्या शब्दांच्या जागी यंत्राकडून नवे चोवीस शब्द घेतले. त्यांना जोडून एक जास्तीचा शब्द तिनं स्वतः ठरवला. तो कळल्याशिवाय नुसते चोवीस शब्द सापडून कुणाला काही उपयोग नाही. आधी यंत्र कोरं करून नव्या शब्दांनी परत उभं केलं, कागद समोर ठेवून. मग जुने शब्द शेवटचे भरून थोडेसे कॉइन नव्या किल्लीकडे पाठवून पाहिले, पोचले, मग बाकीचे, आणि त्यानंतरच भिजलेला कागद मोडीत काढला. भांड्यांवर नाव टाकायचं यंत्र असतं तसं एक आम्ही विकत आणलं, कारण दुकानदाराला शब्द वाचून दाखवता आले नसते. दोन स्टीलच्या ताटल्यांवर तिनं ते चोवीस शब्द कोरले, जास्तीचा मात्र कोरला नाही. पाण्यानं जाणार नाहीत, जाळानं जाणार नाहीत. एक ताटली आमच्या घरी राहणार होती.

"दुसरी दुसऱ्या गावात पायजे ना?" तिनं विचारलं.

"हो. लातूरला माझ्या खोलीत..."

"तुमच्या खोलीत न्हाई. देगलूरला. भावाकडं."

माझ्याकडे या बेताविरुद्ध सुरक्षेचे चार मुद्दे तयार होते. ती ताटली कापडात शिवत होती, बारीक, सारख्या टाक्यांनी. मी मुद्दे गिळले.

दसरा झाल्यावर आम्ही गेलो. भावानं दार उघडलं. मग "या दाजी," मला म्हणाला, तिच्याकडे न बघता. चहा झाला. ऊस, पाऊस, रस्त्याचं काम, सगळं बोलून झालं. मग बायकोनं पिशवीतून ते शिवलेलं पुडकं काढून त्याच्यापुढे धरलं.

"हे ठेव तुझ्यापाशी. उसवू नको. मी मागितलं की दे."

त्यानं ते हातावर तोललं. "काय हाय यात, अक्का?"

"माझा हिस्सा."

मी खुर्चीत पुढे सरकलो. आता तो विचारेल, मग मी त्याला किल्ली, शब्द, जास्तीचा शब्द, सगळं नीट समजावून सांगेन, अशी मी तोंडात वाक्यं जुळवत होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अन् माझ्यापाशी ठेवतीस?" तो म्हणाला.

"मग कुणापाशी ठेवू?"

तो उठला, आत गेला. लोखंडी कपाट उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. परत यायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. दारातच थांबून, टॉवेलनं मान पुसत, पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाला, "आता ते नीट हाय का न्हाई बघाया तरी येत जाशील न्हवं?"