एक्कावन्न कुकीज आणि आबांचं लाटणं

पल्लवीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कुकीज भाजल्या. त्याआधी सहा महिने मी कुकीज फार सुंदर करते, अशी आमच्या सगळ्या नातेवाइकांत माझी ख्याती होती.

ही ख्याती मी मिळवली नव्हती, ती आपली होत गेली. पुण्याहून येताना मी एका बेकरीतून नारळ-चॉकलेटच्या कुकीज आणल्या होत्या. घरी आल्यावर त्या निळ्या बशीत मांडल्या, शेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'नारळ-चॉकलेट कुकीज! या खायला!' बस्स. 'मी केल्या' असं मी कुठंही लिहिलेलं नाही. (तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय. कधी कोर्टात जायची वेळ आली तर असावा.) पण पाच मिनिटांत अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. "वहिनी, घरी केल्या?" असं कुणीतरी विचारलं, त्यावर मी लाजणारा एक चेहरा टाकला. आता लाजण्याचा अर्थ लोकांनी 'हो' असा घेतला, यात माझा काय दोष?

"बेकरीचं खोकं फेकू की पुरून टाकू?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे खंडाळ्याला रेल्वेत आहेत. सिग्नल पडायच्या आधीच ह्यांना धोका दिसतो.

धोका सहा महिन्यांनी आला, तोही फोनवरून. लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या वच्छीआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. त्यांच्या नातीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं होतं आणि मुलाकडचे पुण्याचे होते.

"सूनबाय, रुखवतात लाडू-चकल्या समदीच मांडत्यात," आत्याबाई म्हणाल्या. "पुन्याची मानसं हायती ती. तुजी ती बिस्किटं पायजेत. चांगली एक्कावन्न. वर तुज्या नावाची चिठ्ठी लावू. विहीनबायला कळू दे, आमच्यात बी असली हुन्नरी सून हाय!"

खरं काय ते सांगून टाकायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "एक्कावन्नच? पुरतील ना?"

हे शेजारीच उभे होते. त्यांनी हळूच पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला.

आमच्या घरात ओव्हन नाही. मिक्सर आहे, त्याचंही एक भांडं गळतं. पण इंटरनेटवर एका मुलीचा व्हिडिओ सापडला. तिनं कुकरच्या तळाशी मीठ पसरून, आत ताटली ठेवून, शिट्टी आणि रबर काढून, हसत हसत कुकीज भाजल्या. लोणी आणि पिठीसाखर फेसायची, मैदा, कोको, सुक्या खोबऱ्याचा कीस आणि चिरलेलं चॉकलेट घालायचं, गोळे चपटे करायचे, वीस मिनिटं मंद आचेवर ठेवायचे. "इतकं सोप्पं!" असं ती दर वाक्यानंतर म्हणत होती. तिचा मला आजही राग आहे.

लग्न रविवारी, म्हणून शनिवारी सकाळी मी पदर खोचला. (सलवार-कमीज घातला होता, पण आव पदर खोचल्याचाच होता.) सात गोळे थापून कुकरमध्ये ठेवले. हे ड्यूटीवर निघता निघता स्वयंपाकघरात डोकावले.

"किती शिट्ट्या?"

"शिट्टी काढलीये."

"मग झालं हे कळणार कसं?"

"वास येतो."

"तो येतोय," हे म्हणाले आणि झपाझप जिना उतरले.

झाकण उघडलं. सात ठेवल्या होत्या, एक निघाली. लोणी जास्त झाल्यामुळं सातही जणींनी एकमेकींच्या गळ्यात गळा घातला होता आणि ताटलीभर एकच काळपट भाकरी झाली होती! दुसऱ्या खेपेला लोणी कमी केलं, मैदा वाढवला. त्या सात वेगवेगळ्या निघाल्या, पण त्यातली एक हातातून फरशीवर पडली तर फरशीचा टवका उडाला.

आणि हे सगळं आबा बघत होते.

आबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर कारागीर होते. तीन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला, म्हणून घरी बसले. तेव्हापासून ते गॅलरीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या पर्यटकांच्या हातातली चिक्की लांबूनच नापास करतात. त्यांचं शिसवी लाटणं जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवलंय. त्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा मी त्यानं पोळ्या लाटायला घेतल्या होत्या, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

"सूनबाई," आबा स्टुलावर टेकत म्हणाले, "मागं केलीवतीस तवा बी अशीच झालीवती का?"

"मागं... मागं कुकर वेगळा होता, आबा."

"मंग कुकराचाच दोष!" आबांनी लगेच निकाल दिला. माझ्या बाजूनं निकाल देणारा हा घरातला एकमेव माणूस. त्यांनी माळ्यावरची त्यांची मोठी कढई खाली काढायला लावली, तळाशी मीठ ओतलं, आच स्वतः लावून दिली आणि वर झाकायला परात शोधली. या कढईत एका खेपेला सतरा कुकीज मावत होत्या. मी प्रमाण पुन्हा बसवलं, सतरा ठेवल्या, देवाचं नाव घेतलं.

आणि जमल्या! गोल, कडेला जराशी भेग, वर खोबऱ्याचे सोनेरी तुकडे, बेकरीतल्यांच्या थेट बहिणी! मी स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली. आणखी दोन खेपा केल्या. एकूण एक्कावन्न. मुंग्या लागू नयेत म्हणून सगळ्या गरम गरम एका परातीत मांडल्या आणि वर दुसरी परात पालथी घातली.

आता व्हिडिओतली मुलगी शेवटी एक वाक्य म्हणाली होती. कुकीज गरम असताना मऊच असतात, उघड्यावर थंड झाल्या की आपोआप कडक होतात. त्यातलं 'उघड्यावर' मी विसरले आणि बाकीचं वाक्य आबांना सांगायचं विसरले.

मला घाई झाली होती. सोनेरी तबक आणायचं होतं आणि चिठ्ठी छापून घ्यायची होती. मी दुपारी दोनला स्कूटर काढली. लोणावळ्यात शनिवारी दुपारी बाजारात जायचं असेल, तर शुक्रवारी निघावं लागतं. साऱ्या मुंबईच्या गाड्या आमच्या चौकात उभ्या होत्या. एका गाडीतल्या बाईनं काच खाली करून मला चांगली चिक्की कुठं मिळेल ते विचारलं. परत येताना तीच बाई त्याच जागी होती! चिठ्ठी मात्र झकास झाली होती. सोनेरी अक्षरांत, भोवती वेलबुट्टी: 'नारळ-चॉकलेट कुकीज. सौ. मीनल यांच्या हातच्या.' सिग्नलला थांबून मी ती चार वेळा वाचली.

साडेतीनला जिना चढताना गुळाच्या पाकाचा वास आला. मला वाटलं, शेजारी काहीतरी चाललंय. मग आवाज आला. टक, टक, टक. आमच्याच घरातून.

स्वयंपाकघरात आबा लुंगी खोचून जमिनीवर बसले होते. समोर तेल लावलेला संगमरवरी पाट, हातात धोतरातून मोकळं झालेलं ते लाटणं. माझ्या कुकीज न्यायला औंढ्याहून आलेल्या वच्छीआत्या शेजारी बसून पितळी कातणीनं चौकोन पाडत होत्या. पाटावर तपकिरी, चकचकीत, शेंगदाणे मिरवणारा एक थर पसरला होता. दोन्ही पराती रिकाम्या होत्या.

"आबा, माझ्या कुकीज?"

"ह्या काय!" आबा पाटाकडं बोट करत म्हणाले.

"लाज राखली बग दादानं तुजी," आत्याबाई म्हणाल्या. "म्या परात उचलली तर समदी बिस्किटं मऊ! बोट लावलं की आत जातंय. म्या तर कपाळाला हातच लावला. उद्या विहीनबायम्होरं काय शोभा झाली आसती गं तुजी!"

"तुला फोन केला दोनदा," आबा म्हणाले, "उचलला न्हाईस. आन गरम हाय तवरच हात चालवाया लागतो. लगीच गूळ चढवला, वच्छीनं घरच्या शेंगा आनल्यावत्या, दानं भाजलं, तुजी बिस्किटं कुस्करून पाकात घातली आन घेतलं लाटून!"

माझा तोल गेला. "आबा, त्या मऊच असतात! थंड झाल्या की आपोआप कडक होतात!"

लाटणं थांबलं.

"आपोआप?" आबांनी विचारलं.

"हो, आपोआप!"

"त्यात गूळ हुता?"

"नाही."

"पाक?"

"नाही हो, लोणी होतं!"

आबांनी बहिणीकडं बघितलं, बहिणीनं आबांकडं. एखाद्या तापानं बरळणाऱ्या माणसाकडं बघावं तसं मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. "लोन्यानं कुटं वस्तू कडक हुती व्हय गं पोरी?" आबा अगदी हळू आवाजात म्हणाले. माझी समजूत काढत होते ते!

मला रडू येत होतं. एक्कावन्न कुकीज! आयुष्यातल्या पहिल्या, खऱ्या, माझ्या स्वतःच्या हातच्या! पण तेवढ्यात माझं आबांकडं लक्ष गेलं. चहाचा कप धरताना बशीत सांडणारा त्यांचा हात लाटण्यावर एकदम स्थिर होता. कपाळावर घाम, गालावर पिठीसाखर आणि डोळ्यांत असला आनंद, की तीन वर्षांत मी तो बघितला नव्हता. मला त्यांचा फार राग आला होता आणि त्याहून कितीतरी जास्त माया आली होती.

"घे, चाखून बग," आत्याबाईंनी एक चौकोन माझ्या हातावर ठेवला.

मी चाखला. गूळ, शेंगदाणा, त्यात मध्येच खुसखुशीत खोबरं आणि मागून हळूच येणारं चॉकलेट. इतकं चांगलं काही आमच्या घरात यापूर्वी झालेलं नव्हतं, आणि बेकरीतून आणलेलं धरलं तरी नव्हतं! मी मुकाट्यानं पर्समधून ती सोनेरी चिठ्ठी काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं लिहिलं, 'नारळ-चॉकलेट चिक्की. आबांच्या हातची.' लिहिताना मन भरून आलं होतं. दातही खाल्ले होते, पण ते चिक्कीमुळं असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रुखवतात झुंबड उडाली ती त्या तबकापुढं. विहीणबाईंनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा खाल्ला, तिसरा रुमालात बांधला. आबा फेटा बांधून तबकाशेजारी उभे होते आणि पुण्याच्या मंडळींना पाकाचा धडा देत होते. सगळे त्यांना नमस्कार करत होते. मी बाजूला उभी राहून हसत होते, साधारण पंधरा मिनिटं. मग माझ्यातली हुन्नरी सून जागी झाली.

"विहीणबाई," मी त्यांच्याजवळ सरकत म्हटलं, "खरं सांगू का, त्या चिक्कीत आहेत ना, त्या माझ्या कुकीज आहेत. मी स्वतः केलेल्या."

"अय्या, तुम्हीच का त्या मीनलताई?" विहीणबाई खुलल्या. "पल्लवीनं मला तुमच्या कुकीजचा फोटो दाखवला होता. निळ्या बशीतल्या, बाजूला जास्वंद! पण त्या किती गोल आणि छान होत्या हो! ह्या चुऱ्यात कशाला घालाल तुम्ही तसल्या कुकीज? उगीच सासऱ्यांच्या कामात वाटा मागताय, चेष्टेखोर आहात!"

"नाही हो, खरंच..."

"आणि गंमत सांगू? आमच्या घराखालच्या बेकरीत अगदी तश्शाच मिळतात. तेवढ्याच गोल, वरती तसंच खोबरं. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, बघा, शिकावं तर असं!"

माझ्यामागं आमच्या ह्यांना जोराचा ठसका लागला. मी वळून बघितलं नाही. माझ्या खोट्या कुकीजवर पुण्यापासून औंढ्यापर्यंत सगळ्यांचा विश्वास होता आणि खऱ्या एक्कावन्न कुकीज चांगल्या झाल्या होत्या, याचा या जगात एकही साक्षीदार उरला नव्हता.

मी आबांच्या चिक्कीचा एक मोठा तुकडा उचलला आणि तोंडात कोंबला. तोंड बंद ठेवायला चिक्कीसारखी वस्तू नाही. ती मी सहा महिन्यांपूर्वीच खायला हवी होती.